लोखंडाचे गाळखडक: लोह नंतर, आधी ॲल्युमिना बघा

गाळकरी (धागाकर्ता)

गोव्यातलं खनिज, गडचिरोलीतलं सुरजागड, कोकणातला जांभा, राणीगंजच्या कोळशासोबत सापडणारे लोहगोटे, फ्रान्समधल्या लोरेनचं मिनेट. सगळ्यांत लोह भरपूर, रंग साधारण तांबडा नाहीतर पिवळट, त्यामुळे सगळ्यांना एकाच पोत्यात भरायची सवय लागलेली असते. पण गोवा आणि सुरजागड ही जोडी सोडली तर यातल्या कुठल्याही दोघांची जन्मकथा जुळत नाही, आणि जांभा तर गाळखडकच नाही. म्हणून हा धागा.

आधी लोहखडक कशाला म्हणायचं त्याची सीमा ठरवू. भूवैज्ञानिक एच. एल. जेम्स यांनी १९५४ मध्ये घातलेली १५ टक्के लोहाची अट आजही चालते. प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा फेरिक ऑक्साइडचा आकडा असतो. त्याला ०.७ ने गुणलं की लोह मिळतं, म्हणजे ऑक्साइडच्या हिशोबात सीमा साधारण २१.५ टक्क्यांवर येते. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये दोन लाव्हाथरांच्या मध्ये दिसणाऱ्या लाल पट्ट्यांबद्दल नेहमी विचारलं जातं, त्याचं उत्तर इथेच मिळतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्येच ऑक्साइड १२ ते १५ टक्के असतं. लाल पट्टा म्हणजे तेच लोह गंजलेलं. रंग बदललाय, साठा वाढलेला नाही.

आता मूळ मुद्दा. लोहाच्या दोन अवस्था आहेत. फेरस लोह ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात आरामात विरघळून राहतं आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतं. फेरिक लोह पाणी चांगलं आम्लधर्मी नसेल तर जवळजवळ विरघळतच नाही. फेरसचं फेरिक होण्याचा वेग पीएचवर भयंकर अवलंबून आहे: पीएच एकाने वाढला की वेग शंभरपट. हवेशी संपर्कात असलेल्या पाण्यात पीएच ७ ला अर्धं लोह काही मिनिटांत बसतं, पीएच ६ ला त्याच कामाला काही तास लागतात. पीएच ४ च्या खाली ही क्रिया इतकी मंदावते की पुढचं काम जिवाणूंवर सोडावं लागतं. तेव्हा कुठलाही लोहखडक समोर आला की विचारायचं: लोह विरघळलं कुठे आणि बसलं कुठे?

तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा आहे. चिखल-वाळू कुठे गेली? नदीच्या मुखाशी लोह कितीही बसलं तरी त्यावर दरवर्षी मीटरभर गाळ पडत असेल तर लोहखडक होणार नाही, तांबूस शेल होईल. लोह साठण्याइतकंच इतर गाळ न साठणंही लागतं. आणि हे मोजायची सोपी खूण म्हणजे ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड). ॲल्युमिनियमला ऑक्सिजन असला काय, नसला काय, फरक पडत नाही. साध्या पीएचच्या पाण्यात ते विरघळून फिरत नाही, चिकणमातीच्या कणांतूनच येतं. अस्सल पट्टेदार लोहखडकात (लोह आणि सिलिकेचे आलटून पालटून पट्टे; गोव्याच्या खनिजाचा मूळ खडक हाच) ॲल्युमिना बहुधा १ टक्क्याच्या आतबाहेर. ऊलाइटी, म्हणजे बारीक गोल दाण्यांच्या, लोहखडकात ५ ते १० टक्के. जांभ्यात १५ च्या पुढे कितीही. लोहाचा आकडा तिघांत सारखा निघू शकतो, हा निघत नाही.

शंकासुर

हे पटलं, पण मग गोव्यात पट्टेदार खडकाच्या खाली-वर फिलाइट कसा? फिलाइट म्हणजे चिखलच की. स्वच्छ समुद्र आणि चिखल एका जागी?

दुसरं, हे पट्टेदार खडक अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे, आणि तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हता असं म्हणतात. मग इतकं लोह गंजलं कशाने?

गाळकरी

दुसरा आधी घेतो, तो मोठा आहे.

पट्टेदार लोहखडकांचे सगळ्यात मोठे साठे साधारण २.६ ते २.४ अब्ज वर्षांदरम्यानचे: पश्चिम ऑस्ट्रेलियातला हॅमर्स्ली, दक्षिण आफ्रिकेतला ट्रान्सवाल. ग्रीनलंडमधल्या इसुआचे ३.७ अब्ज वर्षांचे. आपल्याकडचे धारवाड, बैलाडिला, सिंहभूम हे आर्कियन, म्हणजे अडीच अब्ज वर्षांहून जुने. त्या समुद्रात खोल पाण्यात लिटरला काही मिलिग्रॅम फेरस लोह असावं असा अंदाज आहे. आजच्या समुद्रात ते लिटरला मिलिग्रॅमच्या दहाहजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी असतं. एवढं लोह आलं मुख्यतः समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतून. पुरावा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा: या खडकांत युरोपियम शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने ठळकपणे जास्त भरतं, आणि ती उष्ण झऱ्यांच्या पाण्याची सही आहे.

गंजण्याचे तीन मार्ग सुचवले गेलेत. एक, सायनोबॅक्टेरियांनी सोडलेला ऑक्सिजन किनाऱ्याजवळच्या पाण्यात होता, हवेत साठण्याआधीच लोहाने तो पिऊन टाकला. दोन, काही जिवाणू प्रकाश वापरून पाण्याऐवजी फेरस लोहातूनच इलेक्ट्रॉन घेतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतच नाही. असे जिवाणू १९९३ मध्ये प्रत्यक्ष वेगळे करून दाखवले गेले. तीन, ओझोन नसल्याने थेट येणारे अतिनील किरण. तिसरा मार्ग सिलिका आणि बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात फार चालत नाही असं प्रयोगांत दिसलं, त्यामुळे मी तो बाजूला ठेवतो. जुन्या खडकांसाठी दुसरा मार्ग आणि २.५ अब्जच्या आसपास पहिल्या-दुसऱ्याची बेरीज, असं माझं मत. एकाच कारणाने सगळे खडक समजावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

एक आकडा कायम लक्षात ठेवावा. या खडकांतल्या लोहाची सरासरी अवस्था ३ नाही, सुमारे २.४ आहे. म्हणजे बसलं ते फेरिहायड्राइट (फेरिक लोहाचा ताजा गंज), पण त्यासोबत मेलेले जिवाणूही गाडले गेले. तळाशी त्यांचं कार्बन आणि फेरिक लोह यांची क्रिया होऊन बराचसा भाग पुन्हा फेरस झाला आणि मॅग्नेटाइट आणि सिडेराइट (लोह कार्बोनेट) बनलं. पट्टेदार खडकातलं मॅग्नेटाइट पाण्यातून थेट खाली पडलेलं नाही, ते गाळात तयार झालेलं आहे.

सिलिका कुठून, हेही सांगतो. आज समुद्रातली सिलिका डायॅटम आणि रेडिओलेरिया शोषून घेतात. तेव्हा ते नव्हतेच, म्हणून सिलिका लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या घरात, जवळजवळ संपृक्त. लोहाचे ताजे कण सिलिका चिकटवून घेतात. दोन्ही एकत्र खाली येतात आणि मग पट्टे पडतात. पट्टे का पडतात यावर अजून एकमत नाही. ऋतूंप्रमाणे बदल, झऱ्यांचे उमाळे, पाण्याचं तापमान, गाळात नंतर झालेली वेगवेगळी हालचाल, सगळं सुचवलं गेलंय. पण ज्या कुणाचं कारण अगदी स्थानिक असेल त्याला हॅमर्स्ली आडवा येतो: तिथे ट्रेंडॉल आणि ब्लॉकली यांनी डेल्स गॉर्ज थरातले पट्टे सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर जुळवून दाखवले. त्यातले बारीक पट्टे मिलिमीटरभर जाडीचे आहेत.

आता फिलाइट. स्वच्छता कायमची नसते. डेल्स गॉर्जमध्येच लोहाचे १७ मोठे थर आणि त्यांच्यामध्ये शेल-कार्बोनेट-राखेचे १६ थर आलटून पालटून आहेत. समुद्र उथळ-खोल झाला, ज्वालामुखीची राख पडली, चिखलाचा लोट आला की लोह थांबत नाही, झाकलं जातं. म्हणून ॲल्युमिना सरसकट नमुन्याचं मोजू नका, एकेका पट्ट्याचं मोजा.

कोअरबॉक्स

गाळकरींच्या ॲल्युमिना सूत्राला गोव्यात एक मोठा खोडा आहे, तो आताच सांगतो, नाहीतर कुणीतरी डिचोलीच्या खाणीतलं ढेकूळ तपासून चार टक्के ॲल्युमिना काढेल आणि म्हणेल हा पट्टेदार खडक नव्हेच.

खाणीतून निघतं ते मूळ खडक नाही. मूळ बीएचक्यू, म्हणजे हेमॅटाइट-क्वार्ट्झचा पट्टेदार खडक, त्यात लोह ३० ते ४० टक्के आणि बाकी बहुतेक सिलिका. लाखो वर्षं पावसाचं पाणी मुरून सिलिका वाहून गेली, मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट झालं, काही ठिकाणी गोएथाइट (पिवळट-तपकिरी, पाणी धरलेलं लोह ऑक्साइड) भरलं, तेव्हा ५५ ते ६५ टक्के झालं. सिलिका पूर्ण गेली आणि मधल्या पोकळीत काही भरलं नाही की उरते ती निळसर भुकटी, जिला सगळे ब्लू डस्ट म्हणतात. हे समृद्ध होण्याचं काम आणि खडक गाळ म्हणून जन्मण्याचं काम यांत दोन अब्ज वर्षांहून जास्त अंतर आहे. त्याच झिजेत फिलाइटमधली चिकणमाती फटींतून खाली येते, वरचा जांभाही मिसळतो. भारतीय हेमॅटाइटमध्ये ॲल्युमिना जास्त ही झोतभट्टीवाल्यांची जुनी तक्रार आहे (मळी घट्ट होते, वाहत नाही), ती इथूनच येते.

त्यामुळे पर्यावरण ओळखायला नमुना घ्यायचा तर असा:

झीज जिथे संपते त्याच्या खालचा कोअर (ड्रिलने काढलेला खडकाचा दांडा) घ्या. गोव्यात झीज पन्नास मीटरच्या खालीही जाते, म्हणून खोलीचा आकडा बघून समाधान मानू नका. हातात धरून बघा: सिलिकेचे पट्टे काचेला ओरखडा देतात का, पोकळ्या आहेत का, पिवळा गोएथाइट दिसतो का. पोकळी किंवा पिवळेपणा दिसला तर आणखी खाली जा.

कोअर उभा चिरा. अर्धा ठेवून द्या. उरलेल्या अर्ध्यातून लोहाचा पट्टा आणि चर्टचा (सिलिकेचा) पट्टा वेगळे कापा. क्वार्ट्झच्या शिरा, म्हणजे पट्ट्यांना तिरप्या जाणाऱ्या पांढऱ्या रेघा, काढून टाका. त्या नंतरच्या असतात.

दळायला अगेटची चक्की. पोलादी चक्कीत दळलेल्या नमुन्याचं लोह मोजणं म्हणजे चक्कीचंही लोह मोजणं. टंगस्टन कार्बाइडची वापरली तर कोबाल्ट आणि टंगस्टनचे आकडे विसरा. फेरस लोह मोजायचं असेल तर फार वेळ कोरडं दळू नका, दळतानाच ते गंजतं. ॲसिटोनखाली दळा.

मुख्य ऑक्साइडसाठी लिथियम बोरेटमध्ये वितळवलेली काचेची टिकली करून एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणं). फेरससाठी हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लात, हवा लागू न देता विरघळवून डायक्रोमेटने टायट्रेशन. हायड्रोफ्लोरिक आम्ल हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, कॉलेजच्या टेबलावर करू नये.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भट्टीतल्या घटीचा, म्हणजे एलओआयचा. नमुना हजार अंशांच्या आसपास तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड जातं, वजन घटतं. पण त्याच वेळी फेरसचं फेरिक होतं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन वजन वाढतं. दर १ टक्का फेरस ऑक्साइडमागे ०.११ टक्का. मॅग्नेटाइटवाल्या नमुन्यात घट उणे येते, आणि विद्यार्थी ती चूक समजून शून्य लिहून मोकळे होतात. शुद्ध सिडेराइटमध्ये कार्बन डायऑक्साइड ३८ टक्के आहे, पण भट्टीत घट दिसेल ३१ टक्केच. फरक ऑक्सिजनचा. बेरीज ९८ किंवा १०२ आली की आधी हे तपासा, प्रयोगशाळेला शिव्या नंतर.

सडा_चिरा

जांभा गाळखडक नाही हे ठीक. पण सड्याच्या उताराखाली, ओढ्याकाठी, गोटे-गोटे चिकटून तयार झालेला जांभा दिसतो तो? तो तर वाहूनच आलेला आहे.

गाळकरी

तो गाळखडक. मूळ जांभा म्हणजे खालच्याच खडकातलं बाकी सगळं झिजून गेल्यावर उरलेला अवशेष. खालून वर गेलात तर बेसॉल्ट, मग पिचलेला बेसॉल्ट, मग शेडी (मऊ मातकट थर), मग चिरा (कठीण जांभा) असा सलग क्रम दिसतो. तुम्ही म्हणता तो त्याचे तुकडे वाहून जाऊन पुन्हा लोहाने सांधलेला. ओळखायला तीन खुणा: गोट्यांचं पिवळं साल गोट्याच्या कडेला तुटलेलं असतं (जागेवर वाढलेल्या गोट्याला ते सलग वळसा घालतं), आत परके दगड, विशेषतः गोल क्वार्ट्झचे, सापडतात, आणि खाली क्रमाने पिचत गेलेला खडक नसतो, थेट वेगळाच थर असतो.

याच प्रकाराची मोठी आवृत्ती ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारात आहे. यांडी आणि रोब नदीचे साठे: मायोसीन काळातल्या नदीपात्रात लोहाचे गोलसर दाणे आणि लोहाने दगड झालेलं लाकूड साठत गेलं. आज बऱ्याच ठिकाणी आजूबाजूची जमीन झिजली आणि ते पात्रच उंच टेकडीसारखं उभं आहे. लोह सुमारे ५८ टक्के. तिथे लाकूड सापडणं हीच नदीची खूण, समुद्राच्या पट्टेदार खडकात ते शोधायला जाऊ नका, झाडंच नव्हती.

तळ्याकाठी

गोड्या पाण्यातलं आत्ता चालू असलेलं उदाहरण सगळ्यांच्या जवळ आहे, ते धाग्यात राहून चाललंय. पावसाळ्यानंतर सड्याच्या पायथ्याशी, दलदलीत, बोअरच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्यात नारिंगी चिखल आणि वर इंद्रधनुषी तवंग दिसतो. लोक डिझेल सांडलं म्हणतात. काडीने तवंग मोडा. तेल असेल तर लगेच पुन्हा एक होतं. लोहाचा तवंग कोनेदार तुकड्यांत फुटतो आणि तसाच राहतो.

खालच्या मातीत ऑक्सिजन संपलेला, पानं कुजतायत, त्यामुळे फेरिकचं फेरस होऊन विरघळतं. पाणी उघड्यावर आलं की गॅलिओनेला आणि लेप्टोथ्रिक्स हे जिवाणू त्यातून ऊर्जा मिळवतात किंवा निदान त्यांच्या आवरणावर ते बसवतात. सूक्ष्मदर्शकाखाली गॅलिओनेलाचे पिळलेले तंतू ४०० पटीत दिसतात. नमुना ताजा बघावा, बाटलीत दोन दिवस ठेवला की तंतू तुटून नुसता गाळ उरतो.

उत्तर युरोपात अशा दलदलीतलं लोहखनिज कित्येक शतकं भट्टीत गेलं. खणून काढलं तरी काही दशकांत पुन्हा साठतं, हे तिथे जुन्या काळापासून माहीत होतं. पर्यावरणाची खूण म्हणून लक्षात ठेवा: गोएथाइट, भरपूर स्फुरद, कधी मँगनीज, आणि मुळांचे-पानांचे साचे.

शंकासुर

मग राणीगंजचे लोहगोटेही दलदलीतलेच ना? तिथे गोएथाइटऐवजी सिडेराइट का?

गाळकरी

तिथे लोह पाण्याबाहेर आलंच नाही. पर्मियन काळातल्या त्या खोऱ्यात लोह गाळातच अडकलं. ऑक्सिजन संपला, मग मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंच्या पट्ट्यात बायकार्बोनेट वाढलं आणि फेरस लोह त्याच्याशी जुळून सिडेराइट झालं. मधे फक्त एक अडथळा असतो: गंधक. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला सुमारे २.७ ग्रॅम. जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि सल्फाइड सगळं फेरस लोह पायराइटमध्ये ओढून नेतं, सिडेराइटसाठी काही उरत नाही. गोड्या पाण्यात सल्फेट नगण्य, म्हणून सिडेराइट. एकाच कोळसाखोऱ्यात वर-खाली जाताना सिडेराइटचे गोटे संपून पायराइट सुरू झालं, तर समुद्र आत आला होता का हे तपासायला हवं.

बराकर आणि राणीगंज या नावांच्या कोळशाच्या थरांमधल्या या थरालाच तिथे आयर्नस्टोन शेल म्हणतात. १८७० च्या दशकात कुल्टीला जो लोहकारखाना उभा राहिला त्याने सुरुवातीला हेच गोटे वापरले. पुढे सिंहभूमचं हेमॅटाइट मिळाल्यावर त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ते रास्तच होतं: शुद्ध सिडेराइटमध्येही लोह ४८ टक्के, गोट्यात चिकणमाती धरून त्याहून बरंच कमी.

फील्डवर फसगत इथे सर्वात जास्त. गोट्याचं बाहेरचं साल गंजून तपकिरी गोएथाइट झालेलं असतं. त्याचाच कस (खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासल्यावर उमटणारा रंग) बघितला तर पिवळा येतो आणि वहीत दलदलीचं लोह असं नोंदलं जातं. गोटा फोडा. आतला गाभा राखाडी, कस पांढरा, हाताला जड. थंड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढेकूळ फसफसत नाही म्हणून कार्बोनेट नाही असंही म्हणू नका. भुकटी करा, आम्ल थोडं गरम करा, मग फसफसतं आणि आम्ल पिवळट-हिरवं होतं. ढेकूळ लगेच जोरात फसफसलं तर ते भेगांत भरलेलं कॅल्साइट.

रसायनी

विद्यार्थ्यांना फेरस-फेरिकचा खेळ दाखवायचा असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) पुरतो. प्रमाण देतो, कारण नेटवरच्या बहुतेक कृतींत ते नसतं.

अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार करा, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन बराचसा जातो. ४०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम हिराकस. स्फटिक निळसर-हिरवे हवेत, पिवळी पावडर धरलेले जुने असतात, ते आधीच गंजलेत. उरलेल्या १०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम खायचा सोडा. सोडा गार पाण्यातच विरघळवायचा. उकळत्या पाण्यात टाकला तर त्याचं कार्बोनेट होऊन पीएच चढतो आणि सिडेराइटऐवजी हिरवट हायड्रॉक्साइडचा गोळा मिळतो. सोड्याचं पाणी हळू ओता, वायू सुटेल, बाटलीचं तोंड उघडं ठेवा. पांढुरका साका बसतो तो लोह कार्बोनेटचा.

आता अर्धं मिश्रण काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून वायू थांबल्यावर घट्ट बंद करा, अर्धं रुंद तोंडाच्या भांड्यात उघडं. उघड्या भांड्यात काही तासांत वरून खाली तपकिरी थर उतरत येतो आणि त्याखाली हिरवट-राखाडी भाग दिसतो. ती सीमा म्हणजे थरबद्ध तळ्यातली ऑक्सिजनची सीमा. इंडोनेशियातलं माटानो तळं जवळपास ६०० मीटर खोल आहे, त्याच्या खालच्या पाण्यात आजही विरघळलेलं फेरस लोह आहे आणि सीमा शंभरेक मीटरवर असते. आर्कियन समुद्राचा अभ्यास करणारे म्हणूनच तिथे जातात.

प्लास्टिकची बाटली वापरू नका, ऑक्सिजन झिरपतो. आणि हे ध्यानात ठेवा की या बाटलीत लिटरला २ ग्रॅम लोह पडतं, प्राचीन समुद्राच्या शेकडो पट. वेगाचा हिशोब यावरून मांडू नका. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही.

अमोनाइट_भुज

ऊलाइटी लोहखडकांबद्दल कुणी लिहिलंच नाही, म्हणून थोडं.

हे मुख्यतः ऑर्डोव्हिशियन-सिल्युरियन आणि जुरासिक-क्रेटेशियस काळातले. अलाबामातले क्लिंटन, लोरेनचं मिनेट, इंग्लंडमधलं क्लीव्हलंड. दाणे दोन मिलिमीटरच्या आतले, मोहरीसारखे, भोवती थरावर थर. थर बर्थिएरिनचे (गाडल्यावर तापून शॅमोसाइट) किंवा गोएथाइटचे. बर्थिएरिन म्हणजे लोह, ॲल्युमिनियम, सिलिका तिघांचं खनिज, इथे गाळकरींचा ॲल्युमिना ५ ते १० टक्के का येतो ते कळतं. जवळच्या जमिनीवर जांभ्यासारखी झीज चालू असते, केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि लोह दोन्ही समुद्रात येतं. तळाच्या चिखलात थोडं खाली ऑक्सिजन नसतो, तिथे ते जुळतं. वादळ दाण्यांना उलथतं, वरचा थर गंजतो, पुन्हा गाडले जातात. हे हजारो वर्षं चालू राहायला गाळाचा पुरवठा जवळजवळ बंद हवा, म्हणून हे खडक समुद्राची पातळी वाढताना गाळ किनाऱ्यालाच अडकतो तेव्हाचे.

कच्छमधला ढोसा ऊलाइट, जुरासिकमधल्या ऑक्सफर्डियन टप्प्यातला, सुमारे १६ कोटी वर्षांचा, याच घरातला. जुमारा, झुरा, भुजजवळ लेर इथे दिसतो. माथ्यावर गोट्यांचा थर आणि झिजलेले, दोनदा गाडलेले अमोनाइट (गुंडाळलेल्या शिंपल्यांचे जीवाश्म), म्हणजे पातळ थरात फार मोठा काळ दाबून भरलेला. १५ टक्के लोहाची अट इथे थरागणिक तपासावी, चुनखडीचं प्रमाण बरंच आहे. आणि दाणे जिथे सापडले तिथेच बनले असं धरू नका. दाण्यांचे तुटलेले अर्धे तुकडे, आकारानुसार झालेली निवड आणि भोवती बारीक चिखल हे एकत्र दिसले तर ते वादळाने उथळातून आणून टाकलेत. उलट दाणे चेपून एकमेकांत रुतलेले दिसले तर ते गाडले गेले तेव्हा मऊ होते.

स्फुरद अर्धा ते एक टक्का, म्हणून लोरेनचं खनिज कित्येक वर्षं पोलादासाठी निरुपयोगी ठरलं. सिडनी गिल्ख्रिस्ट थॉमस यांनी १८७८ च्या सुमारास भट्टीला अल्कधर्मी अस्तर लावून तो स्फुरद मळीत काढला तेव्हा चित्र पालटलं, आणि मळी खत म्हणून विकली गेली.

शंकासुर

आज कुठे बनतात का हे?

अमोनाइट_भुज

मोठ्या थरांत नाही. इंडोनेशियात माहेंगेटांगजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीच्या उष्ण झऱ्यांभोवती लोहाचे दाणे बनताना सापडलेत. पण ते जुरासिकचं तंतोतंत प्रतिरूप मानणं मला धाडसाचं वाटतं, तिथे लोह ज्वालामुखीचं आहे आणि ॲल्युमिना कमी. जवळचं म्हणाल तर बर्थिएरिनचे नातलग असलेले हिरवे दाणे उष्ण कटिबंधातल्या नदीमुखांसमोर बनतात. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांच्या उथळ समुद्रातून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ते ग्लॉकोनाइटसह (आणखी एक हिरवं लोहयुक्त खनिज) नोंदवलेत.

मनसर_तिरोडी

एक जोड. लोहाबरोबर मँगनीज कुठे आणि वेगळं कुठे, ही फार चांगली खूण आहे. लोह थोड्याशा ऑक्सिजनने बसतं, मँगनीजला बराच जास्त लागतो. म्हणून एकाच प्रवाहातून आधी लोह गळतं, मँगनीज पुढे उथळ, जास्त ऑक्सिजनच्या पाण्यापर्यंत जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या कालाहारीत होताझेल थरात पट्टेदार लोह आणि मँगनीज एकावर एक आहेत. ब्राझीलच्या उरुकुममध्येही जोडी आहे, तीही हिमयुगात: समुद्रावर बर्फाचं झाकण, खाली ऑक्सिजन संपून लोह साठलं, बर्फ हटताच बसलं. कॅनडातल्या रापिटानच्या लाल पट्ट्यांत तर हिमखंडांतून पडलेले दगड रुतलेले आहेत, सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वीचे.

आपल्या नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात सौसर गटात मँगनीज भरपूर आणि लोहाचे मोठे साठे नाहीत, म्हणजे तिथे पोचेपर्यंत लोह आधीच कुठेतरी गळून गेलं असणार. ते कुठे बसलं हा प्रश्न मात्र रूपांतरणाने इतका पुसला गेलाय की घाईने उत्तर देऊ नये.

कोअरबॉक्स

रापिटानवरून आठवलं, रुतलेला दगड तपासताना पट्टे त्याच्या खाली वाकलेत आणि वर सरळ पसरलेत हे बघा. वर-खाली दोन्हीकडे सारखे वळले असतील तर तो पडलेला दगड नाही, गाळ दाबला जाताना कठीण राहिलेला चर्टचा गोळा आहे. असे गोळे डेल्स गॉर्जमध्येही आहेत, तिथे हिमखंडाचा काही संबंध नाही.